पातळ वॉशचा खरा खर्च : चिखलीत वॉटर कलर सुरू करताना

पाव शीटवर आकाशाचा एक वॉश, म्हणजे पाण्यात कालवलेल्या रंगाचा पातळ थर, द्यायला रंग लागतो तुरीच्या दाण्याएवढा. बाकी सगळे पाणी. ५ मिलीच्या एका ट्यूबमधून असे ४०-५० दाणे सहज निघतात. ट्यूब शाळेच्या पेटीतली १२-१५ रुपयांची असेल तर एका वॉशला रंगाचा खर्च येतो ३० पैसे. आर्टिस्ट प्रतीची ५० रुपयांची असली तरी तो सव्वा रुपयाच्या वर जात नाही. तो वॉश ज्या कागदावर पडतो, तो कागद मात्र तीन रुपयांचाही असतो आणि साठ रुपयांचाही.

चिखलीत पावसाळा सरत आला, चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांचे वेध लागले, की स्टेशनरीच्या दुकानांत पालकांची गर्दी होते. खरेदी होते ती बहुधा उलट्या क्रमाने. चोवीस रंगांची मोठी पेटी घेतली जाते, तिच्यासोबत सहा ब्रशांचे पाकीट येते आणि कागद असेल तो उचलला जातो. घरी आल्यावर पोरगी आकाश रंगवायला बसते. पहिल्या हातात कागद फुगतो, दुसऱ्या हातात त्याचे तंतू वर येतात आणि तिसऱ्या वेळेला ती म्हणते, मला वॉटर कलर जमत नाही. जमत नसते ते त्या कागदाला. म्हणून पातळ, पारदर्शक रंगात काम करायचे असेल तर पैसे घालायचा क्रम बदला: आधी कागद, मग ब्रश, सगळ्यात शेवटी रंग.

पुढे दिलेले भाव साधारण अंदाजाचे आहेत. दुकान, कंपनी आणि सवलत यांप्रमाणे ते खाली-वर होतील, तेव्हा पाकिटावरची छापील किंमत पाहूनच पैसे द्या. छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात. त्यावर कोणी जास्त मागत असेल तर ते देणे लागत नाही.

कागदाला एवढे महत्त्व का, ते आधी नीट समजून घेऊ, कारण तिथेच सगळा हिशेब आहे. पोस्टर कलर कागद झाकतो. पातळ वॉश झाकत नाही. उजेड रंगाच्या थरातून आरपार जातो, खालच्या पांढऱ्या कागदावर आपटतो आणि पुन्हा त्याच थरातून डोळ्याकडे परत येतो. चित्रातला उजेड हा कागदाचा उजेड असतो. पांढरी ट्यूब इथे कामाची नाही. जिथे पांढरे हवे तिथे कागद कोरा सोडायचा. सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे ‘ग्लो ऑफ होप’ बहुतेकांनी कॅलेंडरवर तरी पाहिलेले असते: हातात दिवा घेतलेली आणि ज्योतीला तळहाताचा आडोसा केलेली तरुणी. अनेक जण ते राजा रविवर्म्याचे तैलचित्र समजतात. ते आहे कागदावरचे जलरंगाचे चित्र, १९४५-४६ च्या सुमाराचे. आज ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्यासाठी हळदणकरांची मुलगी गीता उभी राहिली होती. बोटांच्या कडांमधून झिरपणारा तो तांबूस उजेड जाड रंग फासून येत नाही. पातळ थर एकावर एक चढवत गेले, आणि प्रत्येक थर पेलणारा कागद खाली असला, तरच तो येतो.

आता कागद. दुकानात नुसते ‘ड्रॉइंग शीट द्या’ म्हटले की मिळतो तो कार्टरिज पेपर, साधारण १२० ते १५० जीएसएमचा. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन; आकडा जितका मोठा तितका कागद जाड. याची पूर्ण शीट १० ते २० रुपयांत येते. पेन्सिलीला उत्तम, संकल्पचित्राला चांगला, एका हलक्या वॉशला चालतो. दुसरा वॉश त्याला सोसत नाही. ओला झाल्यावर तो फुगतो, फुगवट्यांमधल्या खळग्यांत रंगाचे पाणी साचते आणि वाळल्यावर त्या खळग्यांचे गडद डाग राहतात. यात रंगवणाऱ्याचा काही दोष नसतो.

वॉशला कागद हवा ३०० जीएसएमचा. त्यात तीन प्रती आहेत. लाकडाच्या लगद्याचा ए-४ आकाराचा कागद पॅकमध्ये घेतला तर एका पानाला १५ ते २५ रुपये पडतात. २५ टक्के कापूस मिसळलेला असेल तर २५ ते ३५. संपूर्ण कापसाचा असेल तर ४५ ते ७०. फ्रान्सच्या आर्शसारख्या परदेशी कागदाचे ए-४ एवढे पान सव्वाशे रुपयांच्या पुढे जाते. शिकताना त्याची गरज नाही. कापसाचे तंतू लांब असतात, पाणी शोषून बराच वेळ ओले राहतात आणि वाळल्यावर घट्ट बसतात. त्यामुळे वॉश पसरवायला वेळ मिळतो आणि वरून दुसरा-तिसरा थर दिला तरी खालचा उचटत नाही. ज्या मातीत कापूस पिकतो तिथल्या माणसाला हे तंतूंचे गणित वेगळे समजावून सांगायला नको.

पॅकपेक्षा मोठी शीट घ्या. इथे सगळ्यात जास्त पैसे वाचतात आणि बहुतेकांचे लक्ष इथेच नसते. पूर्ण इंपीरियल शीट २२ गुणिले ३० इंचांची असते, म्हणजे ६६० चौरस इंच. ए-४ पान ९७ चौरस इंचांच्या आसपास. एका शीटमध्ये जवळजवळ सात ए-४ एवढा कागद बसतो. देशी बनावटीची संपूर्ण कापसाची शीट २०० ते ३०० रुपयांत मिळते, म्हणजे तोच दर्जा ए-४ मागे ३० ते ४५ रुपयांना पडतो. शीटचे चार भाग केले की ११ गुणिले १५ इंचांचे पाव शीट तयार. आठ केले की सरावाला पुरेसे. कापायला कात्री नको. घडी घालून नखाने दाबा, घडी उलट बाजूला वळवून पुन्हा दाबा, मग पट्टी टेकवून सावकाश फाडा. पाठीमागची बाजूही वाया घालवू नका. बिघडलेल्या चित्राच्या पाठीवर पुढचे चार दिवस वॉशचा सराव होतो.

कागद तपासूनच जास्त घ्या. दुकानदाराला सांगा, “भाऊ, तीनशे जीएसएमची एकच शीट द्या, आधी बघतो.” घरी आणून तिच्या कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवा. थेंब टपोरा उभा राहून हळूहळू मुरला तर कागदाचे साईझिंग, म्हणजे कागदात मिसळलेले चिकट द्रव्य, शाबूत आहे. थेंब पडताक्षणी आत ओढला गेला तर तो कागद सोडा. जिभेचे टोक कोपऱ्याला लावूनही हे कळते: जीभ लगेच चिकटली तर कागद पाणी पिणारा. साईझिंग दमट हवेने खराब होते. एक-दोन पावसाळे दुकानाच्या माळ्यावर गुंडाळी होऊन पडलेली शीट भारी कंपनीची असली तरी तिच्यावर रंग ठिपक्या-ठिपक्यांनी आत शिरतो, आणि तो दोष वॉश दिल्याशिवाय दिसत नाही. घरीसुद्धा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आडवाच ठेवा, भिंतीला टेकवून नको.

हातकागदाचाही पर्याय आहे. पुण्याच्या हातकागद संस्थेची परंपरा १९४० पासूनची आहे आणि हाताने बनवलेल्या कागदाचा पोत फार देखणा असतो. पण प्रत्येक खेपेचे साईझिंग सारखे नसते. थेंबाची परीक्षा करून, एकेक शीट घेऊनच पुढे जा.

जाड कागद परवडत नसेल तर पातळ कागद ताणून घ्या. २०० जीएसएमची शीट पाच मिनिटे स्वच्छ पाण्यात भिजवा, उचलून पाणी निथळू द्या, प्लायवूडच्या फळीवर पसरा आणि चारही कडा पाणी लावून चिकटणाऱ्या खाकी कागदी टेपने बंद करा. रात्रभरात कागद वाळून ताठ होतो आणि मग वॉशला फुगत नाही. टेपचा रोल ५० ते १०० रुपयांत मिळतो आणि महिनोन्महिने पुरतो. फळी विकत आणू नका. सुताराकडे किंवा प्लायवूडच्या दुकानात उरलेला तुकडा पडलेला असतो. १५ गुणिले २० इंचांचा कापून घ्यायला ५०-१०० रुपये पुरतात.

परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या बाबतीत मात्र माझाच सल्ला थोडा मुरडावा लागतो. परीक्षेच्या हॉलमध्ये वॉटर कलरचा जाड कागद मिळत नाही. तिथे काम साध्या ड्रॉइंग पेपरवर करायचे असते. वर्षभर फक्त कापसाच्या कागदावर हात बसवलेला मुलगा तिथे गडबडतो. म्हणून वॉश शिकायचा चांगल्या कागदावर, पाण्याचा अंदाज येईपर्यंत. नंतर शेवटचे दोन महिने कार्टरिजवर सराव करायचा: पाणी कमी, थर एकच, हात हलका. एलिमेंटरीतले वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि इंटरमिजिएटचे स्थिरचित्र यांना एवढी तयारी पुरते. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला सवलतीचे गुण मिळतात, त्यामुळे पालक खर्च करायला तयार असतात. त्या तयारीचा पैसा मोठ्या पेटीत न जाता कागदात जावा, एवढीच कळकळ आहे.

ब्रशाकडे वळू. वॉशच्या ब्रशाचे काम एकच: भरपूर पाणी पोटात घेऊन ते एकसारखे सोडणे. दोन नंबरच्या ब्रशाने पाव शीटचे आकाश रंगवणारे मूल मी पाहते तेव्हा जीव तुटतो. तो ब्रश चार इंच चालून कोरडा पडतो, तोवर आधीची रेघ वाळते आणि आकाशात पट्टे उठतात. सहा ब्रशांच्या पाकिटातले चार ब्रश असेच बारीक असतात. पाकीट घेऊ नका. सुटे घ्या: एक इंची चपटा सिंथेटिक, १२ नंबरचा गोल आणि सहा किंवा आठ नंबरचा गोल. तिन्हींचे मिळून २०० ते ३०० रुपये होतात. मोठ्या माणसांनी पुढे खारीच्या केसांचा मॉप ब्रश घ्यावा, ३०० ते ६०० रुपयांचा. तो कागदावर टेकला की पाणी आपोआप उतरते. घेताना दुकानातच पाण्यात बुडवून झटका. टोक एकत्र आले पाहिजे आणि केस हाताला येता कामा नयेत. पाण्याच्या ग्लासात ब्रश उभा ठेवायची सवय असेल तर ३०० रुपयांचा ब्रशही महिन्यात वाकतो. धुऊन, बोटांनी टोक करून आडवा वाळवा.

रंगाचे मी मुद्दाम मागे ठेवले. वॉशला सहा ट्यूब पुरतात: लेमन यलो, यलो ऑकर, क्रिमसन, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन ब्ल्यू आणि प्रशियन ब्ल्यू. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन मिसळले की ढगांपासून दगडापर्यंत हवा तो करडा मिळतो, म्हणून काळी ट्यूब लागत नाही. पांढरी का लागत नाही ते वर आलेच. हिरवा पिवळ्या-निळ्यातून होतो आणि पेटीतल्या हिरव्यापेक्षा खरा दिसतो. आर्टिस्ट प्रतीची ५ मिलीची देशी ट्यूब ३५ ते ७० रुपयांत मिळते, म्हणजे सहा ट्यूबचे ३०० रुपये धरा. मुंबईत १९३१ साली दांडेकर बंधूंनी शाईपासून सुरू केलेल्या कॅम्लिनचे रंग, स्टुडंट आणि आर्टिस्ट अशा दोन्ही प्रतींचे, महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांना ओळखीचे आहेत. देशी इतरही कंपन्या आहेत. कंपनीपेक्षा ट्यूबवरची प्रत बघा.

स्टुडंट प्रतीत रंगद्रव्य कमी आणि भरणीचे द्रव्य जास्त असते. एका थराला ते कळत नाही. दोन-तीन थर चढले की भरण दुधाळ दिसू लागते आणि कागदाचा उजेड अडतो. बारा ट्यूबची स्टुडंट पेटी १३० ते १८० रुपयांत येते आणि शाळेच्या कामाला ती ठीक आहे. पण २४ रंगांची पेटी घेण्याऐवजी १२ ची घेऊन उरलेल्या पैशांत आर्टिस्ट प्रतीच्या दोन सुट्या ट्यूब, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, घ्याव्यात. मुलाला फरक पहिल्याच दिवशी दिसेल.

कुठला रंग पारदर्शक आणि कुठला झाकणारा, हे घरी दोन मिनिटांत कळते. न पुसणाऱ्या काळ्या पेनाने कागदावर जाड रेघ ओढा, वाळू द्या, वरून प्रत्येक रंगाचा एक पट्टा द्या. रेघ तशीच काळी दिसली तर रंग पारदर्शक. तिच्यावर धुके पसरले तर तो थरांच्या कामाला ठेवू नका. दुकानदार घाईत असला तर वॉटर कलर मागितल्यावर पोस्टर कलरच्या बाटल्या किंवा कापडावरचा अ‍ॅक्रिलिक रंगही पुढे करतो. दोन्ही चांगले रंग आहेत, पण या कामाचे नाहीत. ट्यूब हातात घेऊन हळूच दाबून पाहा. कडक लागली तर आत रंग वाळलेला आहे, दुसरी मागा.

पॅलेट विकत घ्यायची गरज नाही. घरातली पांढरी बशी आणि दोन वाट्या पुरतात. प्लास्टिकचे पॅलेट ४०-५० रुपयांत मिळते, पण त्याच्या खणांत वॉशला लागेल एवढे पाणी मावत नाही.

वॉश देताना पैसे कुठे वाया जातात, ते जवळून पाहू. फळीची वरची कड दोन पुस्तकांवर टेकवून ती किंचित उतरती करा. वाटीत रंग आधीच कालवून ठेवा, लागेल असे वाटते त्याच्या दुप्पट. मध्येच संपला तर तसाच पुन्हा कालवता येत नाही. वाळल्यावर रंग फिका पडतो, म्हणून डोळ्याला हवा त्याहून थोडा गडद ठेवा. ब्रश ओथंबेल इतका भरून वरच्या कडेला डावीकडून उजवीकडे एक आडवा हात फिरवा. त्याच्या खालच्या काठाला रंगीत पाण्याची फुगीर ओळ लोंबकळत राहते. पुढचा हात त्या ओळीला जेमतेम शिवून फिरवायचा, की ओळ एक पायरी खाली उतरते. अशी ती तळापर्यंत न्यायची. तिथे ब्रश फडक्यावर टिपून कोरडा करायचा आणि ती ओळ शोषून घ्यायची. राहू दिली तर ती वाळत्या रंगात परत चढते आणि वेड्यावाकड्या काठाचा डाग उठतो. आणि मध्ये एखादी जागा फिकी राहिली म्हणून पुन्हा ब्रश टेकवायचा मोह होतो, तो कागदाच्या पूर्ण किमतीला पडतो. ओल्या वॉशला परत हात लावायचा नाही. दुसरा थर द्यायचा तो पहिला पूर्ण वाळल्यावर. हाताची पाठ कागदाला लावून पाहा. गार लागला तर आत ओल आहे, थांबा.

चिखलीची हवा आणि पाणी या कामात फुकटचे साहाय्य करतात किंवा नुकसान, ते वेळेवर अवलंबून आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी वॉश अर्ध्यावर येईपर्यंत वर वाळलेला असतो. तेव्हा काम सकाळी आठच्या आत, पंखा बंद ठेवून, आणि कागद आधी स्वच्छ पाण्याने ओला करून करावे. वाटीभर रंगात ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब टाकले तर वाळण्याचा वेग कमी होतो; औषधाच्या दुकानातली छोटी बाटली दोन-तीन वर्षे पुरेल. जास्त टाकू नका, मग रंग चिकट राहतो. पावसाळ्यात उलटे होते, थर वाळायला तास-दोन तास लागतात. तेव्हा दोन-तीन चित्रे एकदम हाताशी ठेवावीत. हिवाळ्याच्या सकाळी वॉशला सगळ्यात चांगल्या. बोअरचे पाणी जड असेल तर निळ्यात बारीक कण एकत्र येऊन रवाळपणा दिसतो आणि वाळल्यावर पांढुरका थर राहू शकतो. रंगासाठी पिण्याचे गाळलेले पाणी वापरा. ग्लास दोन ठेवा, एक ब्रश धुवायला आणि एक फक्त रंग कालवायला. याला एक पैसाही लागत नाही आणि मळकट वॉशची निम्मी तक्रार इथेच मिटते.

खरेदी कुठे करावी? कार्टरिज, स्टुडंट रंग, टेप, फळी हे सगळे चिखलीतच घ्या. कापसाची शीट आणि सुट्या आर्टिस्ट ट्यूब इथे कधी मिळतात, कधी नाहीत; दुकानदाराला चार जणांनी मिळून सांगितले तर तो मागवून देतो. बुलढाणा एसटीने तासाभराच्या आत आहे आणि महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, त्यामुळे आईने किंवा ताईने जाऊन आणले तर प्रवासाचा भार हलका. कोणी छत्रपती संभाजीनगरला, अकोल्याला किंवा पुण्याला जाणार असेल तर त्याच्याकडे यादी द्या. दहा शीट एकत्र घेतल्या तर दुकानदार भाव कमी करतो. ऑनलाइन घेताना तीन गोष्टी वाचा: पाने किती, आकार ए-४ की ए-५, आणि कापूस किती टक्के. ए-५ हे ए-४ च्या निम्मे असते. स्वस्त दिसणारे पाकीट अनेकदा त्यामुळेच स्वस्त असते. मोठ्या शीट कुरिअरने गुंडाळी होऊन येतात. आल्या की वजनाखाली दोन दिवस सपाट करा. माल खराब निघाला तर खोक्याचे आणि बिलाचे फोटो काढून लगेच परतीची मागणी करा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५.

आता तीन हिशेब मांडते. फक्त हात लावून पाहायचा असेल तर यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन अशा तीन ट्यूब १५० रुपये, एक १२ नंबरचा ब्रश १०० रुपये आणि लगद्याच्या ३०० जीएसएम कागदाचे दहा पानांचे पाकीट २२५ रुपये. ४७५ रुपयांत महिनाभराचे काम होते. फळीच्या जागी परीक्षेचे पॅड चालते. शाळकरी मुलासाठी बारा ट्यूबची पेटी १५०, तीन ब्रश २३०, कार्टरिजच्या सहा मोठ्या शीट ९०, लगद्याच्या कागदाचे पाकीट २२५ आणि टेप ५०, एकूण ७४५. मोठ्या माणसाने मनापासून सुरू करायचे ठरवले तर सहा आर्टिस्ट ट्यूब ३००, मॉप धरून तीन ब्रश ५५०, कापसाच्या चार मोठ्या शीट १,०४०, सरावाचे पाकीट २५०, फळी ८० आणि टेप ५०, म्हणजे २,२७०. यात निम्म्याहून अधिक रक्कम कागदाची आहे, आणि तशीच ती असायला हवी. पुढे आठवड्याला दोन पाव शीट रंगवल्या तर महिन्याला दोन मोठ्या शीट लागतात, ५०० रुपयांच्या आसपास. रंग मात्र वर्षातून एकदा आणावे लागतील.

शिकवणी लावायची असेल तर तालुक्याच्या गावी चित्रकलेच्या खाजगी वर्गाची फी साधारण ३०० ते ६०० रुपये महिना असते. पैसे भरण्याआधी एक तास बसून बघा. सर किंवा बाई स्वतः वॉश देऊन दाखवतात का, की नुसते चित्र उतरवून रंग भरायला लावतात, यावरून ठरवा. घरी शिकायचे असेल तर मिलिंद मुळीक यांची ज्योत्स्ना प्रकाशनाची जलरंगावरची पुस्तके नीट पायऱ्या दाखवणारी आहेत. एक पुस्तक चार घरांत फिरले तर कोणालाच जड जात नाही.

आणि विषयांसाठी लांब जावे लागत नाही. आपल्याच जिल्ह्यातले लोणार हे उतरत्या वॉशचे सगळ्यात मोठे मैदान: वर आकाश, मध्ये काठाची झाडी, खाली जून २०२० मध्ये गुलाबी होऊन जगभर गाजलेले ते पाणी. सिंदखेड राजाच्या लखुजी जाधवांच्या वाड्याचा दगड बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीनच्या दोन थरांत उभा राहतो. सोबत पाण्याची बाटली, एक वाटी, तीन ट्यूब आणि आठव्या भागाची चार पाने एवढेच न्या.

चित्र चांगले झाले की फ्रेम येते, आणि इथे अनेकांचे चित्र कायमचे बिघडते. गावातले फ्रेमवाले देवाच्या तसबिरी आणि लग्नाचे फोटो मढवतात. फोटो चिकटवायच्या सवयीने ते वॉटर कलरही फेविकॉल लावून हार्डबोर्डवर डकवतात. मग ते पुन्हा सुटत नाही आणि पावसाळ्यात मागून बुरशी चढते. त्यांना स्पष्ट सांगा: चित्र चिकटवायचे नाही, फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी कागदी टेपने लटकवायचे, समोर माऊंट बोर्डची चौकट द्यायची, म्हणजे काच कागदाला टेकणार नाही. पाव शीटची माऊंट आणि काचेसह फ्रेम ४०० ते ८०० रुपयांत होते. माऊंटचे पैसे वाचवू नका. थेट ऊन येणाऱ्या भिंतीवर टांगू नका. क्रिमसन सगळ्यात आधी उडतो.

ट्यूब वाळली म्हणून फेकू नका. ब्लेडने बाजूने चिरा, आतला गोळा बाटलीच्या झाकणात दाबून बसवा आणि वरून पाण्याचे चार थेंब टाकून रात्रभर ठेवा. चांगल्या प्रतीचा रंग डिंकात बांधलेला असतो, तो पुन्हा भिजतो आणि वडीसारखा ओल्या ब्रशाने उचलून वापरता येतो. प्रवासात तर तशीच झाकणे जास्त सोयीची पडतात.